चक्कीनाम्यातली चक्की

दखनी साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हटकून ऐकू येते : विजापूरच्या सूफींनी चक्कीनामे आणि चरखानामे लिहून तसव्वुफचा विचार सामान्य स्त्रियांपर्यंत पोचवला. वाक्य बरोबर आहे. परिसंवादात ते चालते, उत्तरपत्रिकेत चालते आणि आमच्यासारख्या मास्तरांच्या भाषणातही चालते. मात्र त्यानंतर जी चर्चा होते ती सगळी 'नाम्या'ची असते. वहदत काय, जिक्र काय, मुर्शिद-मुरीद नाते काय, याचा खल होतो. चक्कीविषयी कोणी बोलत नाही. जणू ती एखाद्या शीर्षकासाठी सापडलेली सोयीची वस्तू होती.

आमचा वाद इथून सुरू होतो. जी कविता हात चालू असतानाच म्हणायची म्हणून तयार झाली, तिची समीक्षा हात बाजूला ठेवून करता येणार नाही.

या विषयावर आधुनिक काळात ज्यांनी सर्वांत नेटके काम केले ते अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन. त्यांचा विजापूरच्या सूफींवरचा ग्रंथ 1978 साली प्रसिद्ध झाला. चिश्ती परंपरेतल्या सूफींनी, मुख्यतः सतराव्या आणि अठराव्या शतकांत, दखनीत अशी पदे रचली. बायका ती दळताना, सूत कातताना, मूल झोपवताना म्हणत. आणि आईच्या तोंडून ती मुलांच्या कानी पडत गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे सूफी धर्मप्रसारक म्हणून बाहेर पडले होते, असे मात्र ते म्हणत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण ईटन यांचे नाव घेऊन नेमके उलटे सांगणारे लोक आम्ही ऐकले आहेत. ईटन यांचा प्रश्न इतिहासकाराचा होता : इस्लामी कल्पना घरात कशा शिरल्या? आमचा प्रश्न वाचकाचा आहे : ही कविता, कविता म्हणून कशी चालते?

चक्कीनाम्यांत एक प्रतिमा येते. जात्याचा खुंटा हा अलिफसारखा आहे, आणि अलिफ म्हणजे अल्लाह. जाते ज्या खिळीवर फिरते ती खीळ म्हणजे हजरत पैगंबर. अर्थ सांगणारे इथे थांबतात आणि 'किती सुंदर रूपक!' म्हणून पुढे जातात. पण जरा जात्याशी बसून पाहा. खुंटा डोळ्यांसमोर उभा असतो. तो सरळ असतो, वर किंचित बोथट. उर्दू शाळेत पहिलीच्या पोराला पाटीवर आम्ही जे पहिले अक्षर काढायला लावतो ते हेच. जिला आयुष्यात कोणी पाटी दिली नाही, त्या बाईच्या मुठीत रोज पहाटे दोन-दोन तास अलिफ आहे. तिने तो वाचायचा नाही, धरायचा आहे. हे रूपक डोळ्यांसाठी थोडे आहे आणि तळहातासाठी जास्त आहे. तळहाताला घट्टा पडलेला असतो हे ध्यानात घेतले तर त्या अलिफचे वजनही कळते.

धृपदाचे तसेच आहे. या पदांत अल्लाहच्या नावाचा, 'हू'चा पुनरुच्चार येतो. सूफींच्या जिक्रमधला हा शब्द श्वासाला बांधलेला आहे हे सर्वांना माहीत आहे. पण तो जात्यालाही बांधलेला आहे. जाते एका गतीने फिरत नाही. घास नुकताच घातला की वरची तळी जड होते, ओढ लांबते. दाणा चिरडत आला की ती हलकी होते आणि हात आपोआप भराभर फिरतो. जात्याला नवी टाकी लावली असेल तर आणखी वेगळे. अशा चालीवर मात्रा मोजून बसवलेली ओळ टिकायची नाही, ती अर्ध्या फेऱ्यात संपेल नाहीतर दीड फेरा घेईल. 'हू' मात्र कितीही ओढता येतो. तोंडाचा चंबू, बाहेर पडणारा वारा आणि शेवटी कुठलेही व्यंजन नाही, त्यामुळे ओढ लांबली की तो लांबतो, ओढ संपली की संपतो. ज्याने हे धृपद निवडले त्याने एकतर स्वतः जाते ओढले असेल किंवा ओढणारीजवळ बसून नीट ऐकले असेल. तसव्वुफच्या किताबात हे मिळत नाही.

आता थोडे अडचणीचे बोलतो. सूफींनी हा साचा कुठून आणला? दक्षिणेत ते आले तेव्हा इथल्या बायका मुक्याने दळत नव्हत्या. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या 1129 च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे विजापुरी चक्कीनाम्याच्या पाचशे वर्षे आधी मुसळाच्या चालीवर ओवी बसलेली होती. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये तीच ओवी ग्रंथाला वापरली. शेख महंमद बाबा श्रीगोंदेकरांनी 'योगसंग्राम' लिहिला तो ओवीतच. तेव्हा 'सूफींनी बायकांना गाणे दिले' या वाक्यात देणारे-घेणारे उलटे झाले आहेत असे आम्हाला वाटते. शब्द सूफींनी दिले. चाल, श्वास, फेरा, थांबा, एकीने ओळ टाकावी आणि समोरचीने उचलावी ही रीत, हे सगळे बायकांचे होते. मुर्शिदांनी ते घेतले आणि त्यांचा मोठेपणा हा की ते घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या समीक्षेला मात्र अजून वाटतो. कर्ता म्हणून आपण नेहमी दर्ग्यातल्या नावाकडे बोट दाखवतो.

चरखानाम्याला चक्कीनाम्याच्या शेजारी बसवून दोन्हींना एकाच दमात 'श्रमगीते' म्हणण्याची पद्धत आहे, तीही सोडायला हवी. जात्यावर दोन्ही हात एकच काम करतात आणि कमरेपासून सगळे शरीर मागेपुढे होते. दोघी समोरासमोर बसल्या तर एकीची ओढ ती दुसरीची ढकल. चरख्यावर उजवा हात चाक फिरवतो आणि डावा हात पेळूतून सूत ओढत लांब जातो. दोन हातांची दोन कामे आणि शरीर जवळजवळ स्थिर. जात्याला हिसका चालतो, चरख्याला चालत नाही, सूत तुटते. म्हणून चरखानाम्यात जिक्रच्या पायऱ्या येतात, मोठ्याने करायचा जिक्र, मग मनातल्या मनातला, ते आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. काम जसजसे बारीक होते तसतसा आवाजही आत जातो. हैदराबादच्या ग्रंथालयांत या रचनांची हस्तलिखिते आहेत. कोणीतरी खरोखर चरखा समोर ठेवून ती म्हणून पाहावीत. पीएच. डी.ला विषय मिळत नाही म्हणणाऱ्या मित्रांना ही सूचना फुकट.

इथे एखादा उस्ताद आम्हाला हटकेल की मास्तर, उर्दू शायरीचे छंदशास्त्र अरूज आहे, ते शास्त्र आहे, त्यात जाते-मुसळ कशाला आणता? तर अरूजचीच कुळकथा पाहू. आठव्या शतकातले बसऱ्याचे खलील बिन अहमद हे या शास्त्राचे जनक. जुन्या ग्रंथांत सांगतात की बाजारातून जाताना ठोकणाऱ्यांच्या हातोड्यांचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि त्यातून वजनाची कल्पना सुचली. ही दंतकथा असेल. पण परंपरेने आपल्या सर्वांत काटेकोर शास्त्राचा जन्म मदरशात न दाखवता ठोकाठोकीच्या बाजारात दाखवला, हे दंतकथेपुरतेही पुष्कळ आहे. परिभाषा तर उघडच सांगते. बैत म्हणजे घर, मिसरा म्हणजे दाराची एक फळी, सबब म्हणजे दोरी, वतद म्हणजे खुंटी. सगळा तंबू उभा आहे. आणि रुक्न म्हणजे खांब. नमाजचेही अर्कान असतात, शेराचेही अर्कान असतात. आपल्या पोरांना पहिला अर्थ पाचव्या-सहाव्या वर्षी शरीराने कळतो : कियाम, रुकू, सजदा, प्रत्येकाचा ठराव. दुसरा अर्थ मात्र आपण दहा वर्षांनी फळ्यावर खडूने शिकवतो आणि मग म्हणतो की मुलांना अरूज अवघड जाते.

मराठी छंदशास्त्राने 'चरण' आणि 'पद' हे शब्द घेतले, दोन्ही पायाचेच. अरबांनी घर घेतले, आपण पाय घेतला. याहून पुढे या निरीक्षणाला ताणत नाही. कबीर विणकर होते म्हणून दोह्याच्या तेरा आणि अकरा मात्रा म्हणजे धोट्याचे जाणे-येणे, अशी सिद्धांतमांडणी आम्ही एका व्याख्यानात ऐकली. टाळ्या मिळाल्या. पण दोहा कबीरांच्या आधीपासून होता आणि विणकर नसलेल्यांनीही भरपूर लिहिला. लय कामातून येते म्हणजे प्रत्येक मात्रा कामातून येते असे नव्हे.

उर्दू आणि मराठी यांच्या मध्ये उभे राहून शिकवणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते, ती अधिक महत्त्वाची आहे. फाइलातुन आणि गालगागा एकच. हे माधव जूलियनांना ठाऊक होते. ते फारसीचे प्राध्यापक, 'फार्शी-मराठी कोशा'चे कर्ते, आणि त्यांची 'छंदोरचना' आजही टाळता येत नाही. सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'ने तर हे गावोगाव पोचवले. इलाही जमादारांसारख्या गझलकारांनी त्यावर सगळे आयुष्य काढले. पण उर्दूत 'मेरा' लिहून 'मिरा' म्हणता येते. 'से', 'को', 'है' यांचा स्वर गरजेप्रमाणे जिभेवर आखडता येतो, लिखाणाला धक्का न लावता. याला हर्फ गिराना म्हणतात. मराठी वृत्तात 'मी' गुरू तो गुरूच. लघू हवा असेल तर कवीला कागदावरच खटपट करावी लागते, 'परी'चा 'परि' करा, 'आणि'चा 'अन्' करा. म्हणजे उर्दूचे वजन जिभेवर ठरते आणि मराठी वृत्ताचे बरेचसे कागदावर.

मराठीत जिभेवर ठरणारे वजन नाही का? आहे, जात्यावरच्या ओवीत. तिथे बाई 'मी' लांबवते, आखडते, मध्ये 'गं' टाकते, 'बाई' टाकते, 'ना' टाकते आणि फेरा भरून काढते. ओवी आणि उर्दू मिसरा ऐकणारा कान एकच आहे. दुर्दैवाने उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठी कविता शिकवताना आपण त्याला याच दारातून आत नेत नाही. त्याच्या हातात सुलभभारती असते, आमच्या हातात पाठ टाचण असते, त्यात 'सस्वर वाचन : पाच मिनिटे' असा रकाना असतो. मग शब्दार्थ, मग प्रश्नोत्तरे. 'मुलांना मराठी जमत नाही' हा शेरा तयारच असतो. तीच मुले मकतबात कारीसाहेबांसमोर बसून मद् किती ओढायचा हे बोटे मिटत-उघडत मोजतात. दोन हरकती, चार हरकती, पुढे सहापर्यंत. वाचताना मागेपुढे डोलतात. तजवीदचे नियम तिलावतीसाठी आहेत आणि कुरआन शायरी नाही, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण ऱ्हस्व-दीर्घाचा इतका बारीक हिशोब ज्याच्या बोटांत आहे त्या मुलाला लघु-गुरू समजत नाही, हे आम्ही मान्य करायला तयार नाही. आम्ही वर्गात ओवी म्हणून दाखवतो आणि बाकावर हाताने फेरा धरायला लावतो. शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पण ओवी पाठ होते.

आमच्या यंत्रमागाच्या गावात लयीचा तुटवडा नाही, उलट सुकाळ आहे. गल्लीत घरटी साचे. एका मिनिटात शंभरावर वेळा धोटा इकडून तिकडे जातो. वीज गेली की तान्ही मुले शांततेने दचकून उठतात असे इथे म्हणतात. मुले बोलतात ती मोठ्याने, कारण घरात हळू बोललेले ऐकू येत नाही. तरी यंत्रमागाचे गाणे नाही. मालेगाव-भिवंडीत मुशायऱ्यांची रीत जुनी आहे, मागावर बसणाऱ्यांतून शायर झाले आहेत, मागाविषयी शेर आहेत. मागाबरोबर म्हणायचे गाणे मात्र आम्ही ऐकलेले नाही. कारण उघड आहे. जाते बाईच्या श्वासाने चालत असे, इथे माणूस मोटारीच्या श्वासाने चालतो. त्याला थांबता येत नाही, लांबवता येत नाही. धागा तुटला की धावायचे. कानाला मोबाइल लावून तो कव्वाली ऐकतो, म्हणजे लय बाहेरून आणतो. श्रमातून लय जन्मते हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. ज्या श्रमाची गती श्रमणाऱ्याच्या हाती असते त्यातूनच ती जन्मते, एवढी अट त्याला घालायला हवी.

ही अट लावून आपल्या मुस्लिम मराठी कवितेकडे पाहिले तर काय दिसते? अमर शेख हे पहिले उदाहरण. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, 1916 चा जन्म. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. लोकगीतांचा वारसा आई मुनेरबींकडून. हातात डफ. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक, नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली मैदाने. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह चाळताना काही जाणकारांना ते भडक वाटतात. त्यांना आमचे सांगणे असे की ही छापील पाने डफ खाली ठेवल्यानंतरची आहेत. ओळ जिथे उगाच दोनदा आली आहे असे दिसते तिथे हजारो माणसांचा श्वास परत भरायचा होता. पुनरुक्तीचा दोष काढण्याआधी किती लोकांनी ती ओळ उचलली हे विचारावे लागते. शाहिराला जात्याची गोष्ट कळलेली होती : एकाने टाकायची, समोरच्याने उचलायची.

त्यानंतरची, विशेषतः 1990 नंतरची आपली कविता बहुतेक मुक्तछंदात आहे. त्यात जे आले आहे ते यायलाच हवे होते : दंगली, संशय, भाड्याने न मिळणारे घर, घरातल्या बाईची घुसमट. त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण तिच्यावरची परीक्षणे वाचा. वेदना, विद्रोह, अस्मिता या तीन शब्दांपलीकडे समीक्षक जात नाही. ही ओळ इथे का तुटली, हा कवी मोठ्याने बोलतो आहे की दबक्या आवाजात, त्याच्या ओळीला घराची चाल आहे की मोर्च्याची, असे कोणी विचारत नाही. मुक्तछंदालाही चाल असते. ज्याला ती नसते तो अग्रलेख. आमच्या मते आपल्या बऱ्याच कवितांत दखनी बोलणाऱ्या माणसाची मराठी आहे, तिचा हेल वेगळा आहे, वाक्य शेवटी वर जाते. ही तिची कमाई आहे. संपादक मात्र शुद्धलेखन सुधारताना हेलही सुधारून टाकतात. कवीही मानतात, कारण प्रमाण मराठी येत नाही असे कोणी म्हणू नये ही भीती प्रत्येकाच्या मानेवर बसलेली असते. ही भीती आम्ही शाळेत रोज पाहतो. मराठीच्या तासाला जे मूल उभे राहते त्याचे हात शरीराला चिकटलेले असतात. तेच मूल मधल्या सुट्टीत दखनीत गोष्ट सांगते तेव्हा दोन्ही हात हवेत असतात.

राहिला प्रश्न जपणुकीचा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावे, लाखाहून अधिक ओव्या, त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित. पॉइटवाँ 2004 मध्ये वारले. हा साठा 2017 पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागला आणि आता कोणालाही ऐकता येतो. हे काम केवढे आहे ते ऐकल्यावरच कळते, कारण ध्वनिमुद्रणात 'गं बाई' जागच्या जागी आहे, धाप आहे, मध्येच दुसरीने उचललेली ओळ आहे. छापील संग्रहांतून हे सगळे भरतीचे शब्द म्हणून बहुधा गाळले जाते आणि ओवी स्वच्छ, चौकोनी होऊन बसते. ज्याला आपण भरती म्हणतो त्यानेच फेरा पुरा होत होता.

आपल्या घरांतल्या बायकांनी दळताना काय म्हटले, मराठीत किती, दखनीत किती, एकाच बैठकीत दोन्ही कसे आले, याची अशी नोंद आपण केलेली नाही. गावोगाव पिठाच्या गिरण्या येऊनही आता दोन-तीन पिढ्या झाल्या. ज्यांनी पोरवयात आईसमोर बसून खुंट्याला हात लावला त्या आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. लग्नघरात ढोलकवर, लाकडाला चमचा वाजवत म्हणायची गाणी अजून थोडी ऐकू येतात; डीजेने त्यांची रात्रही आखडली आहे. कोणी नोंद करणार असेल तर आमची विनंती एवढीच की नानीला खुर्चीवर बसवून 'आठवते ते सांगा' म्हणू नये. ती दोन ओळी सांगेल आणि थांबेल. परसात जाते असेल तर ते धुऊन आणावे, नसेल तर पाटा-वरवंटा तरी पुढे ठेवावा, मूठभर ज्वारी द्यावी, समोर दुसरी बाई बसवावी. हात फिरू लागला की ओळी येतात. त्या लिहिताना 'गं', 'ना', 'हू' यांतले काही गाळू नये, आणि ती कुठे थांबली, किती वेळ थांबली, तेही लिहावे.